आवडती जादूची पुस्तकं परत कशी वाचावीत: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात पुन्हा पुन्हा वाचायची पुस्तकं दोनच प्रकारची: परीक्षेची आणि पोथीची. लातूर-नांदेडला नीटच्या तयारीतली पोरं जीवशास्त्राचं पुस्तक पानं सुटेपर्यंत वाचतात. त्याला रिव्हिजन म्हणतात आणि घरात त्याचं कौतुक होतं. श्रावणात 'नवनाथ भक्तिसार'चं पारायण बसतं, दरवर्षी तेच चाळीस अध्याय, आणि 'हे मागच्या साली ऐकलं की' असं कुणी म्हणत नाही. पण चाळिशीतल्या माणसानं हॅरी पॉटर पुन्हा हातात घेतला की प्रश्न येतोच, 'एकदा झालंय ना वाचून? मग कामून परत?'

त्या प्रश्नाला उत्तर देत बसू नका. हा लेख ज्यांना परत वाचायचंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी आहे. मी परभणीत वाढले, लग्नानंतर लातूरला आले, आणि अद्भुताची पुस्तकं दर काही वर्षांनी काढून वाचायची खोड दोन्ही गावांत टिकवली. एवढ्या काळात माझ्या मैत्रिणी, भाचरं, शेजारीपाजारी यांना या वाटेवर आणताना एक गोष्ट लक्षात आली. बहुतेकांचं पहिलं पुनर्वाचन तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात बंद पडतं. पुस्तक वाईट निघतं म्हणून नव्हे. जुनी चव जशीच्या तशी मिळेल म्हणून माणूस बसतो, ती मिळत नाही, आणि काय बदललं हे सांगायला हाताशी काहीच नसतं. म्हणून या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी दुसरी आहे. बाकीच्या घाईत वाचल्या तरी चालतील, ती मात्र सोडू नका.

आधी एवढं जमवा

- एक दोनशे पानी वही. मोबाइलमधल्या नोंदी चालतात, पण फोन बदलला की त्या हरवतात आणि आपल्याला दहा वर्षांचा हिशेब ठेवायचाय.
- पेन्सिल. पुस्तकावर पेन नको.
- शक्य असेल तर पहिल्यांदा वाचलेलीच प्रत, किंवा निदान तोच अनुवाद.
- वाचनालयाचं सभासदत्व. साधारणपणे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम एवढंच मागतात. अनामतीची पावती वहीतच चिकटवून ठेवा, सभासदत्व सोडताना ती लागते.
- घरात एक कोपरा, जिथे तासभर कुणी हाक मारणार नाही. यादीत हेच सगळ्यात अवघड.

१. पुस्तक निवडा, पण सगळ्यात लाडकं नको

पहिल्याच खेपेला जिवापाड आवडलेलं पुस्तक काढू नका. त्याच्याकडून अपेक्षा इतकी असते की पान उलटायचीच भीती वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचं घ्या. ज्यातला एखादा प्रसंग लख्ख आठवतो, पण शेवट धूसर झालाय, असं पुस्तक पुनर्वाचनाला सगळ्यात चांगलं.

दुसरी चाळणी जाडीची. सात भागांची मालिका किंवा तीन खंडांचं महाकाव्य हे पहिल्या वर्षाचं काम नव्हे. इंग्रज लेखक टोल्किनच वाचायचा असेल तर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या आधी 'द हॉबिट' घ्या. ते लहान मुलांसाठी लिहिलेलं, एका खंडात संपणारं पुस्तक आहे. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' तर त्याहून आटोपशीर. हॅरी पॉटरमधला पहिला भाग चालेल, पण 'सातही करूनच उठायचं' असा पण करू नका. मराठीतून वाचणाऱ्यांसाठी 'हॅरी पॉटर आणि परीस' मंजुल प्रकाशनानं काढलेलं आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं आहे. तो मात्र हात बसल्यावर.

तिसरी चाळणी काळाची. दोन वाचनांमध्ये काही वर्षं जाऊ द्या. मधल्या काळात नोकरी, लग्न, आजारपण, बदली, घरातलं एखादं माणूस जाणं, यातलं काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. गेल्या दिवाळीत वाचलेलं या दिवाळीत वाचलं तर ती रिव्हिजन झाली.

२. पुस्तक उघडण्याआधी आठवण लिहून काढा

ही ती पायरी. पुस्तक हातात आलं की बाजूला ठेवा, वही उघडा आणि पुस्तक न चाळता लिहा:

- गोष्ट थोडक्यात, जशी आठवते तशी. चुकली तरी खोडायची नाही.
- सगळ्यात स्पष्ट आठवणारा एक प्रसंग. त्यात कोण कुठे उभं आहे, उजेड कसा आहे, इतक्या बारकाईनं.
- कोण आवडलं होतं, कुणाचा राग आला होता.
- शेवट. नक्की माहीत नसेल तर अंदाज.
- पहिल्यांदा वाचलं तेव्हा वय काय होतं, घर कुठलं, पुस्तक कुणी दिलं.

याला अर्धा तास लागतो. एवढं कशासाठी, तर वाचायला लागल्यावर आठवण पुसली जाते. पानावरचं वाक्य डोळ्यांखालून गेलं की 'हां, हे असंच होतं' म्हणून मन मोकळं होतं, आणि काल रात्रीपर्यंत आपण वेगळंच धरून बसलो होतो हे विसरूनही जातं. लिहून ठेवलेलं असलं तर ती पळवाट राहत नाही.

पटत नसेल तर हा प्रयोग करा. 'द हॉबिट' वाचून बरीच वर्षं झालेल्या कुणालाही विचारा, ड्रॅगनला कोण मारतं? निम्मे लोक नायकाचं, म्हणजे बिल्बोचं नाव घेतील, नाहीतर बुटक्यांच्या राजाचं. पुस्तकात तो मरतो बार्ड नावाच्या धनुर्धाऱ्याच्या बाणानं. हा बार्ड गोष्टीत खूप उशिरा येतो, आणि त्या वेळी बिल्बो तिथे नसतोच. शेवटच्या मोठ्या लढाईत तर बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि बरीचशी लढाई तो बेशुद्ध पडलेला असतो. नायकानंच राक्षस मारायचा हा लहानपणी ऐकलेल्या गोष्टींचा नियम. आठवण तोच लावते आणि लेखकाची गोष्ट दुरुस्त करून ठेवते. टोल्किननं काय केलं हे पहिल्या वाचनात कळत नाही, कारण तेव्हा पुढे काय होतं याची घाई असते. दुसऱ्या वाचनात वहीतलं पान आणि पुस्तकातलं पान शेजारी ठेवलं की कळतं.

वहीतली ही पानं वाचून संपल्यावरही फाडायची नाहीत. पुढच्या खेपेला, म्हणजे आणखी काही वर्षांनी, नवी आठवण लिहायची आणि मगच मागची नोंद उघडायची. क्रम उलटा झाला तर सगळं वाया.

३. कोणती प्रत वाचताय ते तपासा

'पुस्तक बदललं की मी बदलले?' हा पुनर्वाचकाचा नेहमीचा प्रश्न. बदल दोन्हीकडे झालेला असू शकतो, म्हणून आधी पुस्तकाची बाजू तपासून घ्यावी.

'द हॉबिट' पहिल्यांदा १९३७ साली आलं. त्यात अंधाऱ्या गुहेतल्या कोड्यांच्या प्रकरणात गॉलम हा गुहेत राहणारा प्राणी बक्षीस म्हणून स्वतःच अंगठी द्यायला तयार असतो. ती सापडत नाही तेव्हा माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना ती अंगठी भयंकर शक्तीची ठरली. अशी वस्तू कुणी हसतखेळत देणार नाही, म्हणून टोल्किननं ते प्रकरण नव्यानं लिहिलं आणि १९५१ च्या आवृत्तीत बदललं. आज बाजारात मिळतं ते बदललेलं. जुनी आवृत्ती खोटी पडू नये म्हणून पुढच्या पुस्तकात खुलासाही येतो: बिल्बोनं आधी सांगितलेली हकिकत खरी नव्हती! लेखकानं स्वतःच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढावी आणि पहिल्या आवृत्तीला पात्राचं खोटं बोलणं म्हणून गोष्टीत सामावून घ्यावं, ही युक्ती मला अख्ख्या ड्रॅगनपेक्षा जास्त आवडते.

सी. एस. लुइसच्या नार्नियाचा घोळ क्रमाचा आहे. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० मध्ये आलं आणि 'द मॅजिशियन्स नेफ्यू' १९५५ मध्ये. पण दुसऱ्यातली गोष्ट काळाच्या हिशेबानं पहिल्याच्या आधी घडते, म्हणून अलीकडच्या संचांवर त्याला पहिला क्रमांक असतो. तुम्ही लहानपणी ज्या क्रमानं वाचलं त्याच क्रमानं परत वाचा. संचावरचे आकडे बघून वाचलंत तर कपाटाच्या आतलं जंगल पहिल्यांदा दिसतानाचा धक्का आधीच खर्च झालेला असतो.

आता आपल्याकडच्या पुस्तकांचे सापळे.

अरबी गोष्टी, म्हणजे 'अरेबियन नाइट्स': लहानपणी वाचलेली अल्लाउद्दीन आणि अलीबाबाची गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकारानं ती आलेप्पोच्या हन्ना दियाब या कथेकऱ्याकडून ऐकून आपल्या भाषांतरात घातली. शिवाय मुलांसाठीची आवृत्ती आणि पूर्ण आवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक. गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून केलेलं भाषांतर सोळा खंडांचं आहे आणि ते प्रौढांसाठी आहे. शाळेतली आठवण धरून ते कुणी उघडलं आणि घरच्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागलं, तर पहिल्याच रात्री गडबड होईल.

चांदोबा: मराठीत चांदोबा १९५२ पासून निघत होता, आणि आमच्या पिढीतल्या अनेकांचा अद्भुताचा पहिला घास तोच. त्यातली वेताळाची एखादी गोष्ट आठवते म्हणून लोक 'वेताळ पंचविशी' विकत घेतात आणि ती गोष्ट त्यात सापडत नाही. सापडणारच नाही. मूळ गोष्टी पंचवीस. त्या संपल्यावर मासिकानं प्रेत, खांदा, मौनभंग ही चौकट तशीच ठेवली आणि आत नव्या गोष्टी घालत वर्षानुवर्षं चालवलं. ती गोष्ट जुन्या अंकांतच शोधावी लागेल.

कथासरित्सागर: याच्यावर मराठवाड्याच्या माणसानं जरा थांबलं पाहिजे. हा ग्रंथ काश्मिरात अकराव्या शतकात सोमदेवानं संस्कृतात रचला, पण त्याच्या सुरुवातीला येणारी गुणाढ्याची कथा प्रतिष्ठानच्या मुलखातली आणि सातवाहन राजाच्या दरबारातली आहे. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. गुणाढ्य सात लाख श्लोकांची बृहत्कथा 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत लिहितो, तीही शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजा ती नाकारतो. मग गुणाढ्य रानात कुंड पेटवून एकेक पान प्राण्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. हरणं-डुकरं चरायचं विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसतात. चरणं थांबल्यामुळे त्यांचं मांस सुकतं, ते खाऊन राजा आजारी पडतो, आणि अशा रीतीनं चौकशी रानापर्यंत येते. तोवर सहा लाख श्लोक जळालेले, उरलेले एक लाख राजा घेऊन जातो. ती बृहत्कथा आज मिळत नाही. आपल्या हातात येते ती तिच्यावरून पुढे कुणी कुणी सांगितलेली गोष्ट, आणि मराठीत येते ती त्याच्याही पुढची. म्हणून 'मूळ आवृत्तीच पाहिजे' हा हट्ट या पुस्तकापुरता तरी सोडून द्यावा. तुम्ही पहिल्यांदा वाचलेली आवृत्ती हीच तुमची मूळ.

इथून नियम निघतो तो असा. पहिलं पुनर्वाचन त्याच अनुवादातून, त्याच भाषेतून करा. लहानपणी मराठीतून वाचलेलं पुस्तक आता इंग्रजीतून वाचलं तर ते पुनर्वाचन होत नाही, अर्धं नवीनच पुस्तक होतं. तेही वाचा, पण वहीत त्याचं पान वेगळं.

प्रत मिळवायची कशी? बायकांचा प्रश्न निराळा असतो, आमची पहिली प्रत बहुधा माहेरच्या माळ्यावर असते. भावाला फोन करून 'रद्दीत घालू नकोस' एवढं आधी सांगून ठेवा, आणायचं नंतर बघता येईल. माळ्यावर नसेल तर गावातलं जुनं वाचनालय. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ पासूनचं आहे, आणि मराठवाड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी अशी एक-दोन तरी जुनी वाचनालयं सापडतात. बालविभागाचं कपाट वेगळं असतं, ते मोठ्या माणसांना आपणहून कुणी दाखवत नाही, विचारावं लागतं. छत्रपती संभाजीनगरला गेलात तर औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांतून एक चक्कर मारा. फुटपाथवर स्वस्तात मिळणारी इंग्रजी जाडजूड पुस्तकं पुष्कळदा चोरून छापलेली असतात. त्यांत पानं गाळलेली, उलटी लागलेली निघतात आणि नकाशे वाचता येत नाहीत. नकाशाशिवाय फँटसी वाचणं म्हणजे पाटी नसलेल्या एसटीत बसणं.

४. वेळ ठरवा, तीही आपल्या पंचांगानं

शेतीशी संबंध असलेल्या घरात सोयाबीनच्या काढणीत कुणी पुस्तक धरू शकत नाही, उगाच ठरवून अपराधी वाटून घेऊ नका. लग्नसराईतही तेच. मला विचाराल तर एप्रिल-मेमधली दुपार. बाहेर पारा चाळिशीच्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरचा आवाज, आणि कुणी भेटायला येण्याची शक्यता शून्य. दिवाळीनंतरचे आठ दिवसही बरे. लातूर-धाराशिवकडच्यांनी वेळ अमावास्येला, म्हणजे शेतात जेवायच्या सणाला, पुस्तक शेतात न्यायचा बेत करू नये. भज्जी आणि आंबिल पोटात गेल्यावर झाडाखाली झोपच लागते.

वेग पोथीकडून शिका. पारायणात रोजचे अध्याय ठरलेले असतात, वेळ ठरलेली असते, आणि वाचन मोठ्यानं होतं. पोथीला मी फँटसीच्या रांगेत बसवत नाहीये, तो श्रद्धेचा भाग आहे. पण ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा रंगून कशी ऐकायची, हे आपल्या घरांना तिनंच शिकवलंय. म्हणून रोज एक किंवा दोन प्रकरणं, त्याहून जास्त नाही, आणि एखादं तरी पान मोठ्यानं. मोठ्यानं वाचताना अनुवाद कुठे अडखळतो तेही कळतं.

स्टोरीटेलसारख्या ठिकाणी ऐकायची सोय आहे. स्वयंपाक करताना ऐकायला छान, पण पहिलं पुनर्वाचन कानांनी करू नका. वाचणाऱ्याचा आवाज आपल्या जुन्या आठवणीवर चढून बसतो.

सिनेमा बघून वाचायला बसणाऱ्यांनाही हेच सांगेन. बघितलेलाच असेल तर तो विसरता येणार नाही. निदान पुस्तक संपेपर्यंत पुन्हा लावू नका.

५. वाचताना नजर कुठे ठेवायची

पुढे काय होणार ते माहीत असतं, त्यामुळे डोळे मोकळे असतात. ते नायकावरून काढून कडेच्या माणसांवर ठेवा. पहिल्यांदा वाचताना आपण धाडसाला निघालेल्या पोराच्या बाजूला उभे असतो. पुढे कधीतरी लक्षात येतं की आपण दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या बाजूला गेलोय. ज्या पानापाशी हे घडतं, तिथे पेन्सिलीनं बारीक खूण करा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अर्थसीचं, कारण तिथे लेखिकाच स्वतःच्या जगात परत आली. पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२ मधली. त्यानंतर तब्बल अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ले ग्विननं 'टेहानू' लिहिलं. दुसऱ्या पुस्तकात अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण असलेली छोटी टेनार इथे मध्यमवयीन विधवा आहे, तिचं शेत आहे, मुलं मोठी झालीत. पहिल्या पुस्तकातला महाजादूगार गेड आपली शक्ती गमावून तिच्या दारी येतो. इथे मोठ्या मोहिमा नाहीत. भाजलेली एक मुलगी आहे, तिची देखभाल आहे, घरकाम आहे. विशीतल्या वाचकाला हे पुस्तक हमखास कंटाळवाणं वाटतं. पंचेचाळिशीत परत घ्या. ले ग्विननं त्याला अर्थसीचं शेवटचं पुस्तक म्हटलं होतं, पण २००१ मध्ये तिनं त्याच जगातली आणखी दोन दिली. माझा सल्ला असा की ही मालिका एका दमात संपवू नका. पहिली तीन आता, 'टेहानू' पुढल्या खेपेला. लेखिकेनं मध्ये जेवढं थांबायचं ठरवलं, त्यातलं थोडं तरी तुम्ही थांबा.

आणखी एक गोष्ट याच पुस्तकातली. गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आहे आणि अर्थसीतले बहुतेक लोक सावळे किंवा काळे आहेत. गोरे लोक तिथे परके, हल्ला करून येणारे. पुस्तकात हे सरळ लिहिलेलं आहे, तरी पहिल्या वाचनात बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. मुखपृष्ठांवरही कित्येकदा गोराच गेड छापला गेला, आणि लेखिकेनं त्याबद्दल उघड नाराजी सांगितली. इंग्रजी जादूगार म्हटला की तो गोराच, हे आपल्या डोक्यात किती घट्ट बसलंय ते या एका तपशिलावरून कळतं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये शेवटाकडे एक प्रकरण आहे. मोठं युद्ध जिंकून चौघं मित्र आपल्या गावी परततात आणि बघतात तर झाडं तोडलेली, जुनी गिरणी पाडून धूर ओकणारी नवी उभारलेली, गावावर गुंडांचा अंमल. सिनेमात हे नाहीच. पहिल्या वाचनात ते शेपटासारखं वाटतं, एवढं सगळं झाल्यावर हे कशाला? मराठवाड्यातल्या कुणीही आता वाचून बघावं. रस्ते रुंद झाले, कडेचे वड आणि चिंचा गेल्या, गावाकडे जाताना वळणं ओळखू येत नाहीत. त्या चौघांतला सॅम माळी आहे. त्याला परक्या राणीनं आपल्या बागेतल्या मातीची डबी दिलेली असते. ती माती तो चिमूट चिमूट करून तोडलेल्या प्रत्येक झाडाच्या जागी टाकत हिंडतो, सगळी आपल्या एकट्याच्या बागेत ओतत नाही. मी त्या पानावर खूण केलेली आहे, आणि शेजारी आमच्या गावच्या रस्त्याचं नाव लिहिलंय.

घरात किंवा ओळखीत जुन्या काळी उर्दू माध्यमात शिकलेलं कुणी वडीलधारं असेल तर त्यांच्याशीही बोलून घ्या. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून होत्या. तिलिस्म (मंतरलेलं जग), अय्यार (वेष पालटणारे हेर), अमीर हमजाच्या दास्ताना (लांबलचक गोष्टी) हे त्या पिढीतल्या काहींच्या कानांवरचं आहे. जादूच्या गोष्टी फक्त इंग्रजीतून आल्या असं मानणाऱ्या नातवंडांनी अशा आजोबांजवळ एक संध्याकाळ बसावं.

६. पुस्तक आवडेनासं झालं तर

होतं असं. विनोद शिळे वाटतात, बायका फक्त वाट बघत बसलेल्या दिसतात, वाईट माणसं नेमकी काळी आणि पगडीवाली असतात. नार्नियातले कॅलोर्मेन लोक मोठेपणी वाचताना खटकतात, लहानपणी जाणवतही नाहीत. धर्माचं अस्तरही तिथे आता स्पष्ट दिसतं.

अशा वेळी दोन टोकं टाळा. एक, 'छे, तेव्हा काय वाचत होतो आपण' म्हणत पुस्तक रद्दीवाल्याला देऊ नका. दोन, जुन्या प्रेमापोटी डोळे मिटून रेटू नका. एक तृतीयांशापर्यंत वाचा. तिथेही नकोसंच वाटलं तर बंद करा, नेमकं कुठलं पान टोचलं ते वहीत लिहा आणि प्रत जागेवर ठेवा. न आवडलेल्या पुस्तकांच्या नोंदी पुढे जाऊन सगळ्यात वाचनीय निघतात, हा माझा अनुभव.

७. मुलांच्या हातात देताना

आपलं लाडकं पुस्तक मुलाला आवडलंच पाहिजे, हा हट्ट घराघरांत दिसतो. पोरगं दहा मिनिटांत उठून मोबाइलकडे जातं आणि आईवडिलांचं तोंड उतरतं. पुस्तक द्या, पण वाचून दाखवायला सुरुवात करायची ती मधूनच, एखाद्या रंगलेल्या प्रसंगापासून. उत्सुकता वाटली तर ते स्वतः पहिल्या पानावर जाईल. खुणा केलेली प्रत देऊ नका, त्याला कोरी द्या. तुमच्या खुणा म्हणजे त्याच्यासाठी गाइडच.

किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवलेले आहेत. विकत घेण्याआधी मुलाला कुठल्या प्रकारची गोष्ट रुचते हे त्यावरून चाचपता येतं.

८. प्रत टिकवा

दर काही वर्षांनी तीच प्रत उघडायची तर ती तोवर जगली पाहिजे. आपल्याकडे पुस्तकांचे वैरी तीन: उन्हाळा, धूळ आणि वाळवी.

उन्हाळ्यात चिकटवलेल्या बांधणीचा डिंक वाळून कडक होतो आणि पुस्तक पूर्ण उघडलं की पानं सुटतात. कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावू नका आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, वाळवी भिंतीतूनच येते. पावसाळा संपला की पुस्तकं बाहेर काढून सावलीत हवा द्यायची, उन्हात नाही. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडात बांधून, पानांना न लागता, आणि लहान मुलांच्या हाताला न येता. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर पूर्ण वाळवून घाला. ओल्या पाल्यानं बुरशी येते.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटून येते आणि डाग मागे ठेवते. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ चांगली. जुने बाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. ते विषारी असतं, घरी करायच्या भानगडीत पडू नका.

पुस्तक खिळखिळं झालं तर बाइंडरकडे द्या. प्रत्येक तालुक्याच्या गावी कोर्ट-कचेऱ्यांच्या आसपास एखादा तरी असतो, दप्तरं बांधून देणारा. त्याला तीन गोष्टी तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून द्या. शिवून बांधा, नुसतं चिकटवू नका. जुनं मुखपृष्ठ फेकू नका, आत लावा. आणि कडा कापू नका. ही तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण बांधून झाल्यावर तिन्ही बाजू मशिनवर सारख्या करायची त्यांची सवय असते, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं त्या कात्रणाबरोबर जातं.

उसनं मागायला लोक येतीलच. खुणांची प्रत द्यायची नाही. आवडत्या पुस्तकाची एक स्वस्त जादा प्रत घेऊन ठेवा, ती द्या, आणि वहीच्या शेवटच्या पानावर नाव आणि महिना लिहा. परत आली तर ठीक, नाही आली तर तीन महिन्यांनी त्यांना विचारा, 'ड्रॅगन कोणी मारला?'